मठातला तपास : प्रस्तावना

इ.स. 1318 मध्ये यॉर्कचा आर्चबिशप विल्यम मेल्टन याच्या कचेरीतून बेव्हर्लीला एक पत्र गेलं. यॉर्कजवळच्या सेंट क्लेमेंट मठातल्या जोन ऑफ लीड्स नावाच्या धर्मभगिनीबद्दल आर्चबिशपच्या कानावर काहीतरी अचाट आलं होतं. तिने आजारपणाचं सोंग केलं, मग मेल्याचं सोंग केलं, साथीदारांकडून आपल्यासारखा दिसणारा पुतळा बनवून घेतला, तो पुतळा मठाच्या पवित्र भूमीत पुरला गेला आणि जोन मठाबाहेर निसटली. आता ती बेव्हर्लीत राहते आहे. तिला समज देऊन परत पाठवावं, असा त्या पत्राचा आशय. आर्चबिशपच्या दप्तरातली ही नोंद यॉर्क विद्यापीठाच्या अभ्यासकांनी 2019 मध्ये लोकांपुढे आणली आणि ती जगभर गाजली.

बातमीत जोनच्या धाडसाचं कौतुक झालं. मला मात्र तिच्या मागे राहिलेल्या बायकांचा विचार सुटत नाही. मठात कुणी गेलं की प्रेताला आंघोळ घालणं, कफनात गुंडाळणं, रात्रभर शेजारी बसून स्तोत्रं म्हणणं ही कामं मठातल्याच बायकांची असत. म्हणजे त्या पुतळ्याला कुणाचे तरी हात लागले होते. साथीदार कोण कोण होत्या? ज्या सामील नव्हत्या, त्यांच्यापैकी एखादीला खाटेवरच्या त्या वजनाचा संशय आला असेल, तर तिने तो कुणाजवळ बोलायचा? मठाच्या प्रमुखीजवळ बोलावं तर तीच सामील असण्याची भीती. आर्चबिशपला कळवावं तर पत्र मठाबाहेर जाणार कसं आणि कुणाच्या परवानगीने? मध्ययुगात घडणारी आणि धर्मभगिनीने उलगडलेली खूनकथा अशाच एका जागी सुरू होते. संशय आहे, डोळे उघडे आहेत, पण विचारायची मुभा नाही.

एरवीच्या रहस्यकथेत तपास करणाऱ्याच्या हक्काबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पोलिसाच्या अंगावर वर्दी असते, खासगी गुप्तहेराकडे अशील असतं, हौशी तपासनीसाला निदान कुठेही जायची-यायची मोकळीक असते. बाबूराव अर्णाळकरांच्या झुंजारला एखाद्या दारातून आत शिरताना कुणाची आज्ञा घ्यावी लागत नाही. संन्यस्त स्त्रीने तर आज्ञापालनाचीच शपथ घेतलेली असते. म्हणून या कथांमध्ये ‘खून कुणी केला’ याच्या आधी दुसरा प्रश्न उभा राहतो : ही बाई कोणत्या अधिकाराने विचारते आहे? या कथाप्रकाराचा जीव त्या प्रश्नात आहे असं माझं ठाम मत आहे. लेखक त्याला किती प्रामाणिकपणे भिडतो, यावरून मी त्याच्या कादंबरीची प्रत ठरवते.

हा अडसर लेखकांनी कल्पनेने उभा केलेला नाही. इंग्लंडमध्ये 1194 सालापासून कॉरोनर हा अधिकारी नेमला जाऊ लागला. अकस्मात मृत्यू झाला की प्रेत पाहायचं, आसपासच्या गावांतल्या पुरुषांना पंच म्हणून बसवायचं, त्यांचं म्हणणं नोंदवायचं आणि राजाला यातून काय येणं लागतं तेही लिहून ठेवायचं, हे त्याचं काम. (मुंबईत विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कॉरोनरचं कोर्ट होतं, त्यामुळे जुन्या मुंबईकरांना हा शब्द परका नाही.) प्रेत ज्याला पहिल्यांदा दिसेल त्याने आरडाओरडा करून गाव गोळा करणं बंधनकारक होतं आणि बाई म्हणून त्यातून सुटका नव्हती. ओरडण्याचं कर्तव्य असं तिच्यावरही होतं. फिर्यादीचं काय? 1215 च्या मॅग्ना कार्टातलं 54 वं कलम सांगतं की बाईच्या फिर्यादीवरून, तिच्या स्वतःच्या नवऱ्याचा मृत्यू वगळता, इतर कुणाच्याही मृत्यूबद्दल कुणाला अटक करू नये. आजही स्वातंत्र्याची सनद म्हणून गौरवल्या जाणाऱ्या कागदात हे वाक्य आहे. जिने लग्नच केलेलं नाही, तिला या कलमाने खुनाची फिर्याद करण्याचा रस्ताच बंद होतो. पुढे 1298 मध्ये पोप आठवा बॉनिफेस याने सगळ्या धर्मभगिनींनी कायम मठाच्या आतच राहावं असा आदेश काढला. तो सगळीकडे पाळला गेला नाही. इंग्लंडमध्ये तर बिशप तो घेऊन मठात आले तेव्हा बायकांनी त्यांना विरोध केल्याचे दाखले आहेत. तरीही उंबऱ्याबाहेरचं प्रत्येक पाऊल आता परवानगीचं झालं.

आणि तरीही तपासासाठी मठासारखी जागा शोधून सापडणार नाही. मध्यरात्रीनंतरच्या प्रार्थनेपासून झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेपर्यंत दिवसाचे आठ ठरलेले तुकडे. कोण कोणत्या वेळी कुठे असायला हवं हे सगळ्यांना पाठ. एक जागा रिकामी दिसली की ती वीस डोळ्यांना खुपते. जेवताना आणि रात्री मौन, त्यामुळे खुणांची भाषा आणि चेहरे वाचायची सवय. कोठीची एक प्रमुख, दवाखान्याची दुसरी, दाराशी बसणारी तिसरी, पाहुण्यांचं पाहणारी चौथी. प्रत्येकीकडे कुठल्या ना कुठल्या किल्ल्या आणि हिशेब. उत्तर मध्ययुगात इंग्लंडमध्ये बायकांचे जवळपास 140 मठ होते. बहुतेकांत 20 पेक्षा कमी बायका राहत आणि पुष्कळसे कायम कर्जात असत. लहान घर, चणचण, एकमेकींना वर्षानुवर्षं ओळखणारी माणसं आणि बाहेरून येणारे वारसाहक्काचे तंटे. आयलीन पॉवर या इतिहासकर्तीने 1922 साली इंग्लंडमधल्या या मठांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि छतातून गळणारं पाणी, पाळीव कुत्री, उसनवारी, रुसवेफुगवे यांसकट हे जग उभं केलं. तिच्या नंतरच्या जवळजवळ प्रत्येक कादंबरीकाराने त्या ग्रंथाच्या विहिरीतून पाणी भरलं आहे.

ऐतिहासिक रहस्यकथा हा प्रकार तसा तरुण आहे. अगाथा ख्रिस्तीने 1944 मध्ये प्राचीन इजिप्तमध्ये घडणारी खूनकथा लिहिली. रॉबर्ट व्हान खुलिक या डच मुत्सद्द्याने चिनी न्यायाधीश डी याला इंग्रजी वाचकांपुढे आणलं. जोसेफिन टे हिने 1951 मध्ये इस्पितळात पडून असलेल्या पोलीस अधिकाऱ्याकडून तिसऱ्या रिचर्ड राजाच्या प्रकरणाची फेरतपासणी करवली. हे सगळे एकेकटे प्रयोग होते. त्यांचा राजमार्ग झाला तो 1977 मध्ये, जेव्हा एडिथ पार्जेटर यांनी एलिस पीटर्स या नावाने ब्रदर कॅडफेलची पहिली कादंबरी लिहिली. बाराव्या शतकातला श्रूजबरीचा मठ, धर्मयुद्धात लढून आलेला आणि आता औषधी वनस्पतींची बाग सांभाळणारा साधू. पार्जेटर यांनी तरुणपणी औषधांच्या दुकानात काम केलं होतं. कॅडफेलच्या खलबत्त्यातला अस्सलपणा तिथून आला असावा. 1994 पर्यंत त्यांनी या मालिकेत 20 कादंबऱ्या लिहिल्या. मधेच, 1980 मध्ये, उंबेर्तो एकोंची ‘द नेम ऑफ द रोझ’ आली आणि मठातल्या खुनाला तत्त्वज्ञानाची प्रतिष्ठा मिळाली.

एकोंची ही कादंबरी मला फार मोठी वाटते, पण 1327 सालच्या त्या मठात एकच स्त्री वावरते. ती गरीब शेतकऱ्याची मुलगी आहे, तिला नाव नाही आणि तिची भाषाही निवेदकाला समजत नाही. कॅडफेलच्या जगात बायका पुष्कळ आहेत. सिस्टर मॅग्डलेन ही एकेकाळी सरदाराची रखेल असलेली आणि नंतर स्वखुशीने मठात गेलेली बाई तर संपूर्ण मालिकेतल्या सर्वांत हुशार माणसांपैकी एक आहे. तिला स्वतंत्र कादंबरी मिळाली असती तर, असं ती पानावर आली की दर वेळी वाटतं. ती कादंबरी पार्जेटर यांनी लिहिली नाही. पण कॅडफेलने तयार केलेल्या वाचकवर्गापुढे 1992 ते 1994 या दोन-तीन वर्षांत तीन वेगवेगळ्या धर्मभगिनी उभ्या राहिल्या, तीन वेगवेगळ्या लेखण्यांतून. या प्रकाराची घराणी इथूनच फुटतात.

पहिलं घराणं कायद्याचं. पीटर ट्रेमेन या नावाने लिहिणारे पीटर बेरेसफर्ड एलिस हे केल्टिक इतिहासाचे अभ्यासक. त्यांची सिस्टर फिडेल्मा 1993 मध्ये लघुकथांतून आली आणि 1994 मध्ये ‘अ‍ॅब्सोल्यूशन बाय मर्डर’ या कादंबरीतून स्थिरावली. काळ इ.स. 664, स्थळ व्हिटबी. ईस्टर कधी साजरा करायचा, आयर्लंडच्या परंपरेनुसार की रोमच्या, याचा निकाल लावायला राजा ओस्विऊने सभा बोलावली आहे. यजमान आहे मठप्रमुख हिल्डा. सभा इतिहासात खरोखर झाली. कादंबरीत मात्र आयरिश बाजूची एक महत्त्वाची वक्ती, किल्डेअरची मठप्रमुख एटेन, वादाला सुरुवात होण्याआधीच मारली जाते. फिडेल्मा जितकी संन्यासिनी तितकीच आयर्लंडच्या ब्रेहन कायद्याची वकील आहे, वर राजघराण्यातली. तिला प्रश्न विचारायचा परवाना कायद्यानेच दिलेला आहे आणि ती तो प्रत्येक दारात दाखवते. राजेसुद्धा तिच्यापुढे नमतात. वाचताना हुरूप येतो. पण ट्रेमेन यांनी आयर्लंडचं चित्र फार उजळ रंगवलं आहे, हे सांगायलाच हवं. त्याच जुन्या कायद्याच्या ग्रंथांत बायकांची साक्ष सर्वसाधारणपणे ग्राह्य धरली जात नसे आणि दंडाची रक्कम गुलाम स्त्रियांच्या एककात मोजली जाई. फिडेल्माच्या तोंडून ब्रेहन कायद्याची स्तुती ऐकताना त्या गुलाम स्त्रिया आठवत राहतात.

दुसरं घराणं मला सर्वांत जवळचं. मार्गारेट फ्रेझर हे दोन अमेरिकन लेखिकांनी मिळून घेतलेलं नाव होतं. सहा कादंबऱ्यांनंतर त्यातल्या गेल फ्रेझर यांनी ही मालिका एकट्याने 17 पर्यंत नेली. 1992 च्या ‘द नॉव्हिसेस टेल’मध्ये साल आहे 1431, ऑक्सफर्डशायरमधला एक लहानसा काल्पनिक मठ, आणि डेम फ्रेव्हिसकडे पाहुण्यांच्या व्यवस्थेचं काम. दीक्षा घ्यायला आतुर झालेल्या एका कोवळ्या मुलीची श्रीमंत, तोंडाळ आणि दारूडी आत्या-आजी लवाजम्यासह मठात येऊन थडकते आणि मरते. संशय मुलीवर येतो. कॉरोनरला प्रकरण लवकर मिटवायचं आहे. फ्रेव्हिसला कुणी तपास करायला सांगितलेलं नाही. पाहुण्यांना काय हवं-नको ते विचारायचं तिचं कामच आहे, आणि तेवढ्या फटीतून ती आत शिरते. घोंगड्या नेऊन देताना, जेवणाचं पाहताना, चौकशी करण्याच्या रोजच्या सुरात ती विचारते. कवी चॉसरचा मुलगा थॉमस चॉसर हा तिच्या मावशीचा नवरा, हे नातंही अधूनमधून उपयोगी पडतं. तो माणूस इतिहासात होऊन गेलेला, इंग्लंडच्या पार्लमेंटचा अनेकदा सभापती राहिलेला. पण नात्याची शिफारस वापरताना फ्रेव्हिस प्रत्येक वेळी अस्वस्थ होते, कारण तिने जगाशी असलेली नाती सोडली आहेत. प्रार्थनेची घंटा झाली की तिला चौकशी अर्धी टाकून जावं लागतं आणि तिला जायचंही असतं! ही गोष्ट फ्रेझर यांच्याइतकी कुणालाच साधलेली नाही. इतर लेखकांच्या नायिका प्रार्थनेला तपासातला व्यत्यय समजतात. फ्रेव्हिसला तपास हा प्रार्थनेतला व्यत्यय वाटतो. तिला खरं शोधायचं असतं, आणि ते शोधताना आपल्यात अहंकार किती चढला हेही तपासायचं असतं.

तिसरी शॅरन न्यूमन यांची कॅथरीन. 1993 च्या ‘डेथ कम्स अ‍ॅज एपिफनी’त ती पॅराक्लीट या फ्रान्समधल्या मठात दीक्षेची उमेदवार आहे आणि मठाची प्रमुख आहे साक्षात एलोईझ. आबेलारशी असलेल्या प्रेमकहाणीमुळे जगाला ठाऊक असलेली ही एलोईझ प्रौढपणी किती कर्तबगार प्रशासक होती, हे या कादंबरीत दिसतं. मठाने भेट दिलेल्या एका पोथीत कुणीतरी पाखंडी मजकूर घुसवल्याची कुजबुज आहे, तर कॅथरीनने बाहेर पडून खरं काय ते शोधावं, असं एलोईझच ठरवते. कॅथरीन पुढे दीक्षा न घेताच संसारात पडते, त्यामुळे ही मालिका आपल्या विषयाच्या कडेवर राहते. मात्र बाराव्या शतकातल्या ज्यू कुटुंबांचं जगणं तिने फार सहानुभूतीने टिपलं आहे.

नंतरच्या लेखिकांनी अधिकाराचा पेच पदाने सोडवला. अ‍ॅलिस क्लेअर यांची अ‍ॅबेस हेलेवाइज (1999 पासून) आणि प्रिसिला रॉयल यांची प्रायोरेस एलेनॉर (2003 पासून) या दोघी मठांच्या प्रमुख आहेत. रॉयल यांनी त्यासाठी फोंतेव्रो हा पंथ निवडला. 1101 मध्ये स्थापन झालेल्या या पंथात एकाच मठात स्त्री-पुरुष दोघं राहत आणि प्रमुखपद स्त्रीकडे असे. वीस वर्षांची एलेनॉर तिथे रुजू होते आणि आपल्या आईच्या वयाच्या बायका-पुरुषांना आज्ञा देऊ लागते; खुन्याच्या आधी तिला तिच्या हाताखालच्या माणसांचं मन जिंकावं लागतं. कॅसांड्रा क्लार्क यांची हिल्डेगार्ड (2008 पासून) ही धनवान विधवा. 1381 च्या शेतकरी उठावानंतरच्या धगधगत्या यॉर्कशायरमध्ये ती एकटी घोड्यावरून फिरते. कथानकं वेगवान आहेत, पण तिला अडवणारं फारसं कुणी भेटत नाही आणि तिथे माझा रस ओसरतो.

रहस्यकथेच्या कपाटात न ठेवली जाणारी एक कादंबरी मात्र या सगळ्यांच्या आधी वाचावी अशी आहे. सिल्व्हिया टाउनसेंड वॉर्नर यांची ‘द कॉर्नर दॅट हेल्ड देम’ 1948 मध्ये आली. चौदाव्या शतकातला ओबी नावाचा मठ, प्लेगच्या साथीत दाराशी आलेला आणि आपण धर्मगुरू आहोत असं खोटंच सांगून आत शिरलेला एक माणूस, आणि पुढे वर्षानुवर्षं त्याच्याकडून संस्कार करून घेणाऱ्या बायका. तपास करणारी कुणी नाही. गुन्हा सगळ्यांसमोर राहतो, जेवतो, म्हातारा होतो.

कादंबऱ्यांवरून अस्सल कागदांकडे वळलं की लक्षात येतं, मठाला चौकशी नवी नव्हती. लिंकनचा बिशप विल्यम अ‍ॅलनिक 1436 नंतरच्या काळात आपल्या भागातल्या मठांची तपासणी करत फिरला. पद्धत ठरलेली : प्रवचन, मग एकेकीला एकटीने आत बोलावणं, ती काय म्हणते ते लिहून घेणं, नंतर सगळ्यांच्या जबान्या ताडून पाहणं आणि शेवटी लेखी आदेश. 1442 मध्ये केट्सबीच्या मठात त्याच्यापुढे आलेल्या बायकांनी प्रमुख मार्गारेट वेव्हर हिच्याबद्दल सांगितलं ते असं : ती मारहाण करते, घाणेरड्या शिव्या देते, मठाच्या मौल्यवान वस्तू तिने गहाण टाकल्या, एका धर्मगुरूशी तिचे संबंध आहेत. एकीने एक सांगितलेलं, दुसरीने त्यात भर घातलेली, तिसरीने सगळं ठीक आहे म्हणून हात झटकलेले. हे कागद वाचताना कादंबरीकाराचं अर्धं काम लिपिकाने करून ठेवलंय असं वाटतं. प्रश्न बिशपचे आहेत आणि लेखणी त्याच्या कारकुनाची. बायका फक्त उत्तरं देतात. धर्मभगिनी तपासनीस झाली की ही बसायची जागा उलटते.

त्याहून जुनी प्रकरणंही आहेत. इ.स. 589 मध्ये प्वातिएच्या होली क्रॉस मठातल्या क्लोटिल्ड आणि बासिना या दोन राजकन्या चाळीसेक बायकांना घेऊन मठप्रमुखीविरुद्ध बाहेर पडल्या, गुंड गोळा केले, मठावर हल्ला झाला, रक्त सांडलं. निवाड्याला बसलेल्या बिशपांपैकी ग्रेगरी ऑफ टूर्स याने ते सगळं लिहून ठेवलं. मठात बाईच्या वेषात पुरुष ठेवला आहे, हा मठप्रमुखीवरचा एक आरोप. तेव्हा एक वैद्य पुढे येऊन साक्ष देतो की या माणसावर लहानपणी आजारामुळे आपणच शस्त्रक्रिया केली होती, तशी करताना आपण कॉन्स्टँटिनोपलच्या वैद्यांना पाहिलं होतं. सहाव्या शतकातली ही वैद्यकीय साक्ष आहे.

बाराव्या शतकातल्या वॉटनच्या मठाचं प्रकरण मात्र मनातून जात नाही. रीव्होचा मठप्रमुख एल्रेड याने ते पत्ररूपात लिहून ठेवलं आहे. यॉर्कशायरमधल्या या मठात स्त्रिया आणि पुरुष वेगवेगळ्या भागांत राहत. चार वर्षांची असताना आर्चबिशप हेन्री मर्डाकच्या विनंतीवरून एका मुलीला तिथे ठेवलं गेलं होतं. मोठी झाल्यावर मठातल्याच एका तरुणाशी तिचं सूत जमलं आणि ती गरोदर राहिली. मठातल्या बायकांनी तिला मारलं, साखळदंडात डांबलं, त्या तरुणाला पकडून आणवलं आणि तिच्याच हातून त्याचं पौरुष नष्ट करवलं. प्रसूतीची वेळ जवळ आली तेव्हा, एल्रेड सांगतो, दिवंगत मर्डाक तिच्या स्वप्नात आला, त्याच्याबरोबर दोन स्त्रिया होत्या आणि त्यांनी मूल नेलं. सकाळी पहारेकरी बायकांनी तिचं अंग चाचपून पाहिलं तर पोट सपाट, दूध नाही, प्रसूतीची खूण नाही. नंतर बेडीही गळून पडली. हा मठ ज्या पंथाचा, त्याचा संस्थापक गिल्बर्ट याने एल्रेडला बोलावलं, त्याने येऊन पाहिलं आणि देवाने जे शुद्ध केलं त्याला आपण अशुद्ध म्हणू नये, असा कौल दिला.

एल्रेड हा थोर आणि कनवाळू लेखक होता. मैत्रीवरचं त्याचं पुस्तक आजही वाचलं जातं. त्याच्या लेखी हा चमत्कार आहे आणि त्याच्या श्रद्धेची मी हेटाळणी करणार नाही. पण त्या रात्री त्या खोलीत कोण कोण होतं? मूल कुठे गेलं? अंग चाचपणाऱ्या बायका म्हणजे आधी तिला मारणाऱ्या बायकाच ना? इंग्लंडच्या कायद्यात बायकांना ज्या एका कामासाठी पंच म्हणून बोलावलं जाई ते हेच, एखादी स्त्री गरोदर आहे की नाही ते ठरवण्याचं. इथेही शेवटचा शब्द त्यांचा ठरला, आणि त्यांना उलट प्रश्न कुणी विचारला नाही. आधुनिक इतिहासकारांनी तो विचारला आहे. या पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण वॉटनवर आहे, कारण धर्मभगिनी-तपासनीस ही कल्पना ज्या पोकळीत बसते, ती पोकळी इतकी स्पष्ट मला दुसरीकडे दिसली नाही.

बिंगेनची हिल्डेगार्ड हे दुसरं टोक. 1178 मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, तिने आपल्या मठाच्या आवारात एका सरदाराला पुरू दिलं. तो एकेकाळी बहिष्कृत होता, त्यामुळे प्रेत उकरून बाहेर काढा, असा माइन्झच्या धर्माधिकाऱ्यांचा हुकूम आला. मृत्यूपूर्वी त्याचा बहिष्कार उठला होता, असं हिल्डेगार्डचं म्हणणं. तिने उकरायला नकार दिला. थडग्याची खूण कुणाला सापडू नये म्हणून ती जागाच पुसून टाकली, असंही सांगतात. शिक्षा म्हणून मठातलं गायन आणि प्रार्थनाविधी बंद झाले. आयुष्यभर संगीत रचलेल्या बाईला याहून मोठी शिक्षा नव्हती. ती पुरावे, साक्षीदार आणि पत्रं घेऊन वरपर्यंत लढली आणि 1179 मध्ये, तिच्या मृत्यूच्या काही महिने आधी, बंदी उठली. एका प्रेताबद्दल एका मठप्रमुखीने जमवलेला पुरावा आणि तिने जिंकलेला खटला, असा दाखला इतिहासातच असताना फिडेल्मा किंवा एलेनॉर अशक्य वाटायचं कारण नाही.

हे आज वाचायचं कशासाठी? एक कारण असं की या बायकांचा तपास आता खरोखरच चालू आहे. जर्मनीतल्या डालहाइम इथल्या मठाच्या दफनभूमीतल्या, सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीच्या दातांवरच्या किटणात संशोधकांना निळ्या रंगाचे कण सापडले. ते लाजवर्दी दगडाचे, म्हणजे अफगाणिस्तानातून आलेले, सोन्याच्या तोलाचे निघाले. कुंचल्याचं टोक ओठांनी ओलं करत ती पोथ्या रंगवत असावी, असा निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या मठाची ग्रंथसंपदा आगीत गेली आहे, तिचं नाव कुठे नाही. साक्ष दिली ती दातांनी. दुसरं कारण आपल्या रोजच्या जगण्यातलं आहे. बंद दाराच्या संस्था आजही आहेत. वसतिगृहं, आश्रम, धर्मादाय घरं, इस्पितळं. आत काही वाईट घडलं तर ते आधी कळतं आतल्याच, खालच्या पायरीवरच्या बाईला. ती बोलली तर तिचं काय होतं आणि तिच्यासाठी कोणती फट उघडी असते, हा विचार फ्रेव्हिसच्या कादंबऱ्या चांगल्या करायला लावतात.

मराठी वाचकाला हे जग दगडमातीत पाहायचं असेल तर जुने गोवे जवळ आहे. आर्चबिशप आलेइशु द मेनेझिश यांनी 1606 मध्ये सुरू केलेला सांता मोनिकाचा मठ काळाने मध्ययुगीन नाही, पण बंदिस्त मठ म्हणजे काय हे त्याच्या जाड भिंती आणि आतला चौक पाहिल्यावर वाचून कळतं त्याहून जास्त कळतं. ख्रिस्ती कलेचं संग्रहालयही तिथेच आहे.

आता पुस्तकाबद्दल. इथे कादंबऱ्या आणि कागदपत्रं शेजारी शेजारी ठेवून वाचली आहेत. कादंबरीतला तपास तेव्हाच्या कायद्यात, तेव्हाच्या मठात खरोखर कुठवर पोचला असता, हे प्रत्येक वेळी तपासलं आहे. चूक दाखवून लेखकाला खाली ओढण्याचा हेतू नाही. लेखकाने इतिहास कुठे वाकवला ते कळलं की त्याला काय हवं होतं तेही कळतं. मध्ययुगाबाहेरच्या धर्मभगिनी वगळल्या आहेत. बोरिस अकुनिन यांची एकोणिसाव्या शतकातल्या रशियातली सिस्टर पेलागिया मला अतिशय प्रिय असूनही तिला जागा देता आली नाही. मठातली पदं, प्रार्थनेच्या वेळा आणि कायद्याचे शब्द जिथे पहिल्यांदा येतात तिथेच समजावून सांगितले आहेत, तेव्हा ख्रिस्ती परंपरेची ओळख नसलेल्या वाचकाने बिचकू नये. वसईच्या किंवा गोव्याच्या वाचकांना काही ठिकाणी हे समजावणं अनावश्यक वाटेल. त्यांनी ती पानं ओलांडून पुढे जावं.

या कादंबऱ्या आधी वाचलेल्या असायला हव्यात अशी अट नाही. वाचायच्या असतील तर ‘द नॉव्हिसेस टेल’पासून सुरुवात करावी, नंतर व्हिटबीची फिडेल्मा, मग हव्या त्या क्रमाने. पुस्तकात कथानकांची चर्चा भरपूर आहे, पण वाचकाचा आनंद हिरावला जाऊ नये म्हणून एकाही कादंबरीतल्या खुन्याचं नाव सांगितलेलं नाही.